गावात शिकवणी नाही, मुलगी दहावीत आहे. विज्ञानासाठी मोबाइलवरचं एआय वापरू द्यावं का?

द्या ताई. फक्त आधी वही, मग मोबाइल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. कधीकाळी बीएस्सी केलं, पण आता सगळं विसरलो. मागच्या वर्षी पुतणी दहावीला होती, मराठी माध्यम. शिकवणीला तालुक्याला गेली की शेवटची एसटी चुकणार. म्हणून भावाच्या फोनवर एक फुकटचं एआय अ‍ॅप टाकलं आणि वावरातून आलो की रोज तिच्याजवळ बसायचो.

पहिली अडचण शब्दांची. 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा चालू होता आणि उत्तरात येत होतं 'उत्तल लेंस', 'फोकस दूरी'. आपल्या पुस्तकात बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर. पोरगी गोंधळली. मग बालभारतीच्या पानाचा फोटो टाकून 'यातलेच शब्द वापर' असं बजावलं, तेव्हा कुठे जमलं. (पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते.) बोलताना मात्र ती खुशाल 'मले हे समजून नाही राह्यलं' म्हणायची, ते त्याला बरोबर कळायचं!

दुसरी अडचण मोठी. ते भारी होयबा आहे. बहिर्वक्र भिंगाचं गणित होतं: नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, प्रतिमा कुठे? वस्तूच्या अंतराला उणे चिन्ह द्यायचं ती विसरली आणि उत्तर काढलं ६. विचारलं, '६ बरोबर ना?' तर म्हणे, 'अगदी बरोबर!' मी चिन्हांसकट मांडायला लावलं, ३० आलं, तसं लागलं माफी मागायला. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते लिहितं, त्यामुळे आपण रेटून बोललो की तेही मान डोलावतं. तेव्हापासून 'बरोबर ना' विचारणं बंद. पूर्ण मांडणी वहीत करायची, फोटो काढायचा आणि लिहायचं, 'चूक कोणत्या ओळीत आहे तेवढंच सांग, उत्तर सांगू नको.'

सगळ्यात कामाला आला तो प्रश्न म्हणजे 'हे घरातल्या वस्तूने करून कसं पाहू?' त्याने वाचायचा चष्मा सुचवला. आबाजीचा चष्मा अडीच नंबरचा. भर दुपारी अंगणात पाटीवर धरला, उन्हाचा ठिपका बारीकात बारीक होईस्तोवर वरखाली केला, पट्टी लावली. चाळीस सेंमीच्या आसपास. हेच त्याचं नाभीय अंतर. चष्म्याचा नंबर म्हणजे १ भागिले मीटरमधलं नाभीय अंतर. १ भागिले ०.४, म्हणजे अडीच! पोरीने स्वतःच दोनदा मोजून पाहिलं. आबाजी तोवर पेपर हातात धरून चष्म्याची वाट पाहत बसले होते. तुम्ही करून पाहाल तर उणे नंबरचा चष्मा घेऊ नका, त्याचा ठिपका पडत नाही. आणि भिंगातून सूर्याकडे अजिबात बघू देऊ नका.

फोन ओसरीत, तुमच्यासमोरच राहू द्या. आतल्या खोलीत गेला की दहा मिनिटांत रील सुरू होतात. आमच्याकडे दोनदा झालं.