वाचकांचे प्रश्न : "इथपर्यंत पाणी कधी आलंच नाही" म्हणतात, मग फ्लॅट घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नाशिकमध्येच भाड्याने राहतो, आता नासर्डी नदीच्या जवळ एक फ्लॅट बघितलाय, बजेटमध्ये बसतोय. बिल्डर म्हणतो इथे पुराचं पाणी कधी आलंच नाही, सासरे म्हणतात 2008 ला आलं होतं. मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की नाशिक भूकंपाच्या झोन 3 मधे आहे. आपला भाग किती धोक्याचा हे साध्या माणसाने ठरवायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी सासऱ्यांना सोबत घेऊन त्या जागेवर जा आणि पाणी कुठपर्यंत होतं ते त्यांनाच बोट दाखवून सांगू दे. जुन्या नाशिककरांकडे ही मापं असतात, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण आजही क्युसेक नंतर विचारतो, आधी विचारतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं, कमरेला की गळ्याला. पण मारुती रामकुंडाजवळ आहे आणि तुमचा फ्लॅट नासर्डीवर, तिथलं माप इथे लागू होत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग कमी असला तरी शहरात धो धो पाऊस पडला तर नासर्डी, वाघाडी या छोट्या नद्या स्वतःच्या पाण्यानेच भरतात, म्हणून धरणाच्या बातमीवर विसंबून राहू नका.

मग महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर घेऊन जा आणि पूररेषा दाखवा म्हणा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. इथेच बहुतेकांची गल्लत होते. 25 वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की 25 वर्षं निवांत असं अजिबात नाही, दरवर्षी शक्यता 4 टक्के असते आणि ती दरवर्षी नव्याने असते. तुमचं लोन 20 वर्षांचं धरलं तर तेवढ्या काळात निदान एकदा तरी तसा पूर बघायची शक्यता 55 टक्क्यांच्या वर जाते, लाल रेषेचा पूर धरला तरी 18 टक्के. गंगेला 2016 च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला आणि लगेच 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा, मधे तीनच वर्षं! त्यामुळे "कधी आलं नाही" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, तुम्ही इथे किती वर्षं आहात?

आता दुसरी बाजू, आणि मला ही जास्त महत्त्वाची वाटते. पाणी सगळ्यांकडे सारखंच येतं पण नुकसान सारखं होत नाही. बिल्डिंगचे लाइट मीटर पार्किंगमध्ये खालीच बसवलेत का, पाण्याची मोटर कुठे आहे, लिफ्ट बंद पडली तर सासूबाईंना जिना चढता येईल का, बाहेर पडायचा रस्ता त्याच नाल्यावरच्या छोट्या पुलावरून जातो का, हे सगळं बघा. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहील, पण तीन दिवस लाइट नाही, पाणी नाही आणि घरात डायलिसिसचं पेशंट असेल तर तो फ्लॅट सुरक्षित कसा म्हणायचा?

भूकंपाचं थोडक्यात. झोन 3 म्हणजे मध्यम धोका. पण नुसत्या झोनच्या आकड्यावर जाऊ नका, 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला जे झालं तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा होता. पहाटेची वेळ, लोक झोपेत, आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. म्हणून बिल्डिंगचं स्ट्रक्चरल डिझाइन कोणी केलंय ते विचारा, खाली नुसते खांब आणि मोकळं पार्किंग असेल तर जास्तच खोदून विचारा.

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावात शिक्षक आहे. ग्रामपंचायतीने आपत्ती आराखड्याचं काम माझ्याकडे दिलंय. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाची तयार फाइल मिळाली आहे, नावं बदलून चालेल का?
– एक शिक्षक

उत्तर : नाही सर, कृपा करून तसं करू नका. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि येवला, सिन्नरच्या पूर्व भागात टँकरची वाट बघतात, तिथली फाइल तुमच्या काय कामाची. तुमच्याकडे गंगापूर धरणाच्या पाण्यात दारणा नदीचंही पाणी येऊन मिळतं, पुढे नांदूरमध्यमेश्वरला बंधारा, मागे साचलेला गाळ, वर पानवेली येऊन पुलाला अडकतात आणि पाणी गावात घुसतं, चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना हे नवीन नाही.

तुम्ही मुलांना आणि दोन-तीन म्हाताऱ्यांना घेऊन गावफेरी काढा. 1969 चं पाणी, 2008 चं, 2019 चं, भिंतींवर खुणा करून घ्या. मग घरोघरी जाऊन लिहा, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला कितवा महिना आहे, नदीकाठी पालं टाकून कोण राहतं (या लोकांचं नाव मतदार यादीत नसतं म्हणून आराखड्यातही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं), कोणाकडे किती जनावरं आणि ती रात्री कोण सोडणार. औषध फवारणीचे डबे कुठल्या खोलीत आहेत तेही लिहा, ते पाण्यात गेले की विहिरी खराब होतात. दारणा आणि गंगापूर धरणांमधून विसर्ग वाढला की तुमच्या पुलाशी पाणी किती तासांनी चढतं हे या पावसाळ्यात घड्याळ लावून वहीत नोंदवा, कारण लोकांना हलवायला तेवढेच तास तुमच्या हातात आहेत.

द्राक्षवाल्यांसाठी गारपिटीचं वेगळं पान ठेवा, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय हाल झाले ते सगळ्यांना आठवतंय. वीज पडण्याचा इशारा मिळावा म्हणून मोबाइलवर दामिनी ॲप घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्ठा रंगवून घ्या आणि लागतो का ते आधी फोन करून बघा.

माणसांची यादी मात्र दर मे महिन्यात नव्याने करा, गेल्या वर्षी मंदिरापर्यंत चालत जाणाऱ्या आजी यंदा खाटेवर असू शकतात.