आजोबांच्या झडपेचा टीपॉय

प्रश्न : आजोबांनी स्वतः कोरलेली कपाटाची सागवानी झडप माझ्या वाट्याला आली आहे. तिचा टीपॉय करावा म्हणते. सुतार म्हणतो, रंधा मारून नवीकोरी करून देतो. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात नको! रंधा फिरला की आजोबांच्या पटाशीच्या खुणा भुशाबरोबर गेल्या. मग नवी फळीच का घेऊ नये?

आधी मागची बाजू आणि कडा बघा. बारीक भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून आत आहे. तिचा बंदोबस्त पहिला. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा पॉलिशपेपर घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

झडप कापू नका. पायांची वेगळी चौकट करून तिच्यावर बसवा, पण चिकटवू नका. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. जखडलेली फळी तडकते. म्हणून स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवायला सांगा. कोरीव कामावर कप डगमगतो, तेव्हा वर टफन काच, तिच्याखाली रबरी गुंड्या.

बिजागरीच्या खाचा बुजवायला सुतार हमखास पुट्टी काढेल. तिथे ठाम राहा, खाचा तशाच राहू द्या. लाखेच्या पॉलिशचा पातळ हात पुरे.