दारू सोडलेल्या नटाला दारुड्याची भूमिका

"भावाने दारू सोडून सात महिने झाले. आता एका सिनेमात त्याला मुख्य भूमिका मिळतेय, आणि ती दारूत बुडालेल्या नटाचीच आहे. नको म्हटलं तर तो म्हणतो, ही संधी गेली की मी संपलोच. हो म्हटलं तर आमची झोप उडेल. काय करावं?"

आमच्याकडे व्यसनमुक्तीच्या समुपदेशनासाठी आलेल्या एका बहिणीचा हा प्रश्न आहे. गायकांच्या बायका, एडिटरचे आईवडील, रंगमंचावर काम करणाऱ्यांचे जोडीदार वेगळ्या शब्दांत हेच विचारतात: हे क्षेत्र सोडल्याशिवाय व्यसन सुटेल का? या नटाच्या संमतीने त्याची हकिकत इथे सांगत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सिनेमा लहान बजेटचा, स्वतंत्र निर्मितीचा. २२ दिवसांचं शूटिंग, त्यातल्या ६ रात्री. कथेतला नट ऑडिशनच्या आधी धीर यावा म्हणून घेतो, काम मिळालं की आनंदात घेतो, नाही मिळालं की दुःखात, आणि शेवटी सकाळी दात घासण्याआधी. हातात ग्लास असलेले ९ सीन होते. बहिणीने पटकथेत त्या नऊ सीनवर लाल खुणा करून आणल्या होत्या. तिची सगळी भीती त्या पानांवर होती.

दारू सोडून तीन महिनेही झालेले नसतील, तर अशा भूमिकेला आम्ही सरळ नको म्हणतो. त्या काळात झोप बसलेली नसते, चिडचिड असते आणि दारूच्या नुसत्या वासानेही ओढ उसळते. तीन महिने ते एक वर्ष हा काळ वैद्यकीय भाषेत सुरुवातीचा उपशम, म्हणजे व्यसन काबूत येण्याचा पहिला टप्पा, धरतात. तेव्हा काम करता येतं, पण अटींवर. हा नट सातव्या महिन्यात होता, मनोविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेली, दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होता आणि आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभेला जात होता. म्हणून आम्ही आधी अटींवर बोलायचं ठरवलं.

एखाद्याला डायसल्फिराम ही दारूपासून दूर ठेवणारी गोळी चालू असेल, तर सेटवरची काळजी बरीच वाढते. या गोळीवर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. माउथवॉश, आफ्टरशेव्ह, मेकअपवर मारायचे स्प्रे, नकली दाढी चिकटवायचा गम यांतही अल्कोहोल असू शकतं. मेकअप करणाऱ्याला हे आधी माहीत हवं, आणि कोणती वस्तू चालेल हे डॉक्टरांनी सांगायला हवं. प्रॉप म्हणून आणली जाणारी 'बिनअल्कोहोल' बिअर तर नकोच. तिच्यात बहुधा अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, आणि वास, चव, फेस सगळं खऱ्या बिअरसारखं. गोळी चालू नसली तरी दारू सोडलेल्या माणसाच्या हातात ती देऊ नये.

ज्यांच्या घरचा माणूस अजून रोज पितो आहे, त्यांच्यासाठी थोडं थांबून एक सांगायला हवं. "शूटिंग दहा दिवसांवर आलंय, आजपासून बंद" असं ठरवून घरीच दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर सहा तासांतच हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. पहिल्या ४८ तासांत फिट येण्याचा धोका असतो. साधारण ४८ ते ९६ तासांत काही जणांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. यात मृत्यू होऊ शकतो. झोपेच्या गोळ्याही सोबत चालू असतील तर धोका आणखी वाढतो. आधी डॉक्टर, मग तारखा. दारू किती गंभीर आहे याचा अंदाज घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर आहे. २० किंवा जास्त असतील तर तज्ज्ञाकडून अवलंबित्वाची तपासणी करून घ्यावीच.

आता परत या नटाकडे. शूटिंगच्या पहिल्या आठवड्यात त्याला एकच काम दिलं होतं. कॉलशीटच्या, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं त्या रोजच्या वेळापत्रकाच्या, मागच्या बाजूला दर तीन तासांनी एक ओळ लिहायची: वेळ, काय चाललंय, ओढ शून्य ते दहा पैकी किती, सोबत कोण, शेवटचं जेवण कधी. त्यातल्या दोन ओळी अशा:

"रात्री ११:१०. बारचा सीन, पाचवा टेक. ३. युनिट. जेवण ७ ला."

"२:४०. पॅकअप. गाडीची वाट बघतोय. ८. एकटाच. जेवण ७ ला. हात थरथरतात, पण थंडी नाही."

बहिणीच्या लाल खुणा होत्या त्या सीनमध्ये ओढ दोन-तीनच्या वर गेली नव्हती. कॅमेऱ्यासमोर त्याला प्रकाश, संवाद, फोकसची खूण आणि समोरच्या नटीची नजर सांभाळायची होती. डोकं कामात होतं. आकडे चढायचे ते पॅकअपनंतर, आणि कॉल नसलेल्या दिवशी दुपारी.

एका रात्रीचा आठ मात्र प्रॉपच्या ग्लासमधून आला होता. व्हिस्की म्हणून कोरा चहा वापरत होते. सीन तीन अँगलनी घेतला, प्रत्येक अँगलचे सहा-सात टेक, आणि कंटिन्युइटीसाठी, म्हणजे टेक एकमेकांशी जुळावेत म्हणून, दर टेकला ग्लास त्याच पातळीपर्यंत भरायचा. टेकला ३५-४० मिलिलिटर धरले तरी रात्री दहा ते दोन या वेळेत पाऊण लिटर कोरा चहा पोटात गेला होता. कॅफिनचा अर्धा असर उतरायलाच साधारण पाच तास लागतात. त्यामुळे पहाटे अंथरुणात डोळे टक्क उघडे, छाती धडधडतेय, हात हलतायत. दारू सोडताना पहिल्या दिवसांत शरीराला जे जाणवलं होतं, अगदी तसंच. मग मेंदूने जुना उपाय सुचवला. दुसऱ्या दिवशी कला विभागाने चहाऐवजी जाळलेल्या साखरेने रंगवलेलं पाणी आणलं, आणि पुढच्या रात्रीच्या सीननंतर आकडा पाचवर राहिला. घरच्यांच्या मनात अशा रात्री लगेच संशय येतो की सेटवर याने घेतली असणार. थरथरणारे हात पाहून आरोप करण्याआधी त्याने दिवसभर काय खाल्लं-प्यायलं, एवढं एकदा विचारावं.

पॅकअपनंतरचा तास सर्वांत अवघड, आणि लहान बजेटच्या सिनेमात तो लांबतो. मोठ्या निर्मितीत नटाला वेगळी गाडी असते. इथे शेवटची गाडी सामान भरून झाल्यावर सुटते. तोवर दमलेली पोरं कोपऱ्यात बाटली उघडतात, कारण पैसे कमी मिळत असले तरी ही मजा फुकट असते. त्यातून १२ तासांचा दिवस १५ वर जातो, राहायला एका खोलीत तिघं, आणि मानधनाचा मोठा भाग 'सिनेमा विकला गेला की' या वायद्यावर. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारही गोष्टी एकाच वेळी येतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल निर्मात्यांशी स्पष्ट बोलावं लागतं. मुख्य नट जवळपास प्रत्येक सीनमध्ये असतो. तो मधेच प्यायला, तर एक दिवस वाया जाणंही परवडत नाही. म्हणून सगळे मिळून ते झाकतात: सीन बदलतात, कॉफी पाजतात, घरी सांगत नाहीत. यात दुष्टपणा नसतो, पण माणूस बुडतो. म्हणून नटाच्या लेखी संमतीने आम्ही फक्त दोघांशी बोललो, दिग्दर्शक आणि पहिला सहायक दिग्दर्शक. युनिटमधल्या बाकी कुणाला कळण्याची गरज नव्हती. सहायकाला एक अधिकार दिला: नट म्हणाला "मला पंधरा मिनिटं हवीत", की कारण न विचारता कॅमेरा थांबवायचा.

अटी साध्या ठेवल्या. सेटवर खरी दारू नाही, प्रॉपच्या बाटल्या एकाच माणसाच्या ताब्यात आणि वापरण्याआधी त्यानेच चाखून पाहिलेल्या. पॅकअप ते पुढचा कॉल यांत किमान ११ तास. सलग दोनपेक्षा जास्त रात्री नाहीत. पिण्याचा सीन दिवसाचा शेवटचा ठेवायचा नाही. पॅकअपनंतर अर्ध्या तासात निघणारी गाडी, मग ती कुणाची दुचाकी का असेना. दैनिक भत्ता दर आठवड्याला, कारण शेवटी हातात पडणारी मोठी रक्कम हीदेखील ओढ वाढवते. दिग्दर्शकाने पाच मान्य केल्या. ११ तासांची अट चार वेळा मोडली. मोडली की दुसऱ्या दिवशीचा पहिला सीन त्याच्याविना घ्यायचा, असा मार्ग सहायकानेच काढला.

भूमिका उतरवायला वीस मिनिटं राखून ठेवली होती. रडण्याचा, कोसळण्याचा अभिनय केला तरी शरीरात ताण खराच तयार होतो, आणि "कट" म्हटल्यावर तो लगेच ओसरत नाही. कपडे बदलायचे, तोंड-मान-हात धुवायचे, पात्राचं घड्याळ काढून स्वतःचं घालायचं, काहीतरी खायचं आणि ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. फोनवर सीनबद्दल बोलायचं नाही.

महत्त्वाकांक्षेचं दुखणं जास्त खोल होतं. "पिऊन केलेलं काम माझं सर्वांत खरं होतं," असं तो ठामपणे सांगायचा. वाद न घालता आम्ही त्याला एका जुन्या लघुपटाचं न कापलेलं फुटेज मिळवून बघायला सांगितलं. प्यालेल्या दिवशीच्या टेकमध्ये तो खुणेवर थांबत नव्हता, दोन वाक्यांमधली जागा दर वेळी वेगळी, नजर दर टेकला वेगळ्या ठिकाणी. एडिटरला दोन टेक जोडता आले नसते. पूर्वी दारूने त्याची भीती तेवढी गेली होती, आणि भीती गेली म्हणून काम छान झालं असं त्याला वाटत राहिलं. आता शॉटआधी तो पाच मिनिटं बाजूला बसून चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. झिंग दाखवायची तर प्यालेला माणूस आपण शुद्धीत आहोत हे दाखवायला किती धडपडतो, ते दाखवावं लागतं. जपून टाकलेलं पाऊल, पहिल्या घोटाला दोन्ही हातांनी धरलेला ग्लास, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त एक मर्यादा घातली होती: ज्या आठवणीवर समुपदेशनात अजून बोलून झालेलं नाही, ती कॅमेऱ्यासमोर काढायची नाही.

शूटिंगचे बावीस दिवस दारूविना गेले. पॅकअप पार्टीला त्याने फक्त फोटोपुरती हजेरी लावली. घसरला तो नंतर, नवव्या दिवशी. कॉलशीट नाही, उठायचं कारण नाही, राहिलेले पैसे आले नाहीत, बहीण बाहेरगावी. संध्याकाळी मित्राकडे दोन पेग.

इथे घरचे बहुतेक एकच वाक्य बोलतात: "सगळं पाण्यात गेलं." पिणाऱ्यालाही तेच वाटतं, आणि मग तो तिसरा पेग भरतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात हे नेमकं मांडलं: एका घसरणीनंतर येणारी 'मी नालायकच' ही भावना माणसाला पूर्ण व्यसनाकडे ओढते. म्हणून घसरल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. चोवीस तासांत दोन माणसांना सांगायचं, डॉक्टरांना भेटायचं, त्याच आठवड्यात सभेला जायचं आणि त्या दिवसापर्यंतच्या घटनांची साखळी मागून पुढे लिहून काढायची. त्याने सकाळी साडेसातला बहिणीला फोन केला. तिने विचारलं, "आत्ता घरात बाटली आहे का?" नाही म्हणाल्यावर ती म्हणाली, "मग डॉक्टरांची वेळ घे, मी संध्याकाळी पोचते." रडणं तिने फोन ठेवल्यावर केलं. तिने जे विचारलं आणि जे विचारलं नाही, त्या दोन्हींचा त्याला फार उपयोग झाला.

साखळीत पहिली कडी सापडली ती रिकाम्या दिवसांची. तेव्हापासून काम नसलेल्या आठवड्यालाही तो कॉलशीट बनवतो: सात वाजता उठणं, दहा ते बारा आवाजाचा सराव, चारला चालणं, सहाला सभा. डबिंगला पिण्याचे सीन पुन्हा बोलायचे होते. ते दिवसाउजेडी, एका वेळी दोन तास आणि दोनपेक्षा जास्त सीन सलग नाहीत, असे लावून घेतले.

आता सिनेमा महोत्सवांकडे गेला आहे. निकाल ई-मेलने येतात आणि बहुतेक नकार असतात. ते ई-मेल निर्मात्याने सकाळी दहानंतरच त्याला कळवायचे, रात्री कधीच नाही, असं ठरलं आहे. निवड झाली, तर तिथल्या मेजवानीत हातात स्वतःचा पाण्याचा ग्लास, सोबत न पिणारा एक माणूस, आणि दीड तासात बाहेर. बहिणीने विचारलं, पुढच्या सिनेमालाही हे सगळं करायचं का? वर्ष पूर्ण होईपर्यंत हो. त्यानंतर गाडी, ११ तास आणि साप्ताहिक पैसे या तीन अटी कायम ठेवायच्या, बाकीच्या डायरीतले आकडे पाहून सोडायच्या.