नाटक कंपनी चालवणारा माणूस राजकारणात यशस्वी झाल्याचं एखादं उदाहरण आहे का? स्टेजचा अनुभव तिथे कामाला येतो का?

आहे की, रिचर्ड शेरिडन, अडीचशे वर्षांपूर्वीचा ब्रिटिश नाटककार. फक्त "यशस्वी" म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण बत्तीस वर्षं ब्रिटिश पार्लमेंटात खासदार राहून कॅबिनेटमध्ये कधी बसला नाही, आणि थिएटरही हातचं गेलं ते वेगळंच.

जन्म डब्लिनचा, १७५१. बाप नट आणि थिएटरवाला. १७७६ ला पंचविशीच्या आत या पठ्ठ्याने सासरा आणि एका डॉक्टरला पार्टनर घेऊन लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमधला डेव्हिड गॅरिक या नावाजलेल्या नटाचा अर्धा हिस्सा ३५ हजार पौंडांना उचलला, त्यातला बराचसा पैसा उधारीचा. पुढच्याच वर्षी स्वतःचं 'द स्कूल फॉर स्कँडल' आणलं, ते तुफान चाललं. खरं तर इथे थांबला असता तरी नाव राहिलं असतं, पण तेव्हा थिएटरवाल्याला कितीही पैसा मिळाला तरी बड्या लोकांत बरोबरीची जागा नव्हती आणि याला तीच हवी होती. १७८० ला स्टॅफर्डमधून निवडून आला, मतदारांना माणशी पाच गिनी (म्हणजे सव्वापाच पौंड) वाटून. हो, तेव्हाही.

आता यातली खरी गंमत हिशोबाची आहे. खासदाराला तेव्हा पगार नव्हता, म्हणजे राजकारणाचा खर्च थिएटरच्या गल्ल्यातून. आणि खासदाराला कर्जापायी अटक करता येत नव्हती, म्हणजे थिएटरची देणी थकली तरी खुर्चीमुळे हा बाहेर. दोन्ही धंदे एकमेकांच्या जिवावर उभे, आणि मधल्या मधे मेले कोण तर नट, ज्यांचे पैसे वर्षानुवर्षं रखडायचे, अगदी सारा सिडन्ससारख्या स्टारचे सुद्धा. मला तो आवडतो पण याबाबतीत त्याला माफी नाही.

स्टेजचा उपयोग? प्रचंड. शाळेत सालबाईचा तह पाठ करताना वॉरन हेस्टिंग्ज भेटलाय ना, त्याच्यावर पुढे लंडनमध्ये खटला चालला. अवधच्या बेगमांचा खजिना लुबाडल्याच्या आरोपावर शेरिडन १७८७ ला पार्लमेंटमध्ये पाच तासांहून जास्त बोलला, आणि नंतर सभागृह तहकूब केलं, कारण म्हणे इतकं ऐकल्यावर डोकं शांत ठेवून मत देता येणार नाही! पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटल्यात तेच प्रकरण चार दिवस मांडलं, त्याची तिकिटं पन्नास-पन्नास गिनींना गेली म्हणतात, आणि शेवटचं वाक्य संपवून हा मागे एडमंड बर्क या सोबतच्या खासदाराच्या अंगावर कोसळला. निव्वळ टायमिंग. (हेस्टिंग्ज १७९५ ला निर्दोष सुटला, तो भाग वेगळा.)

पण त्याच स्टेजवरून टोमणेही खावे लागले. १७८३ ला तेवीस वर्षांच्या अर्थमंत्री पिटने सुनावलं की तुमची ही कला नाटकासाठी राखून ठेवा. यावर शेरिडन म्हणाला की परत नाटक लिहायला बसलोच तर बेन जॉन्सन या जुन्या नाटककाराच्या 'अँग्री बॉय' या पात्रावर हात फिरवून बघीन म्हणतो, म्हणजे चिडक्या पोरावर.

पुढे सगळं घसरत गेलं. जुनी इमारत पाडून १७९४ ला साडेतीन हजारांवर प्रेक्षक बसतील असं अवाढव्य थिएटर उभं केलं, कर्ज अजून वाढलं, आणि १८०९ च्या फेब्रुवारीत ते जळालं. पार्लमेंट चालू होतं, कोणीतरी कामकाज थांबवू म्हणालं तर यानेच नको म्हटलं. नवीन थिएटर १८१२ ला उघडलं पण कारभारात याला घेतलं नाही, त्याच वर्षी स्टॅफर्डची सीटही गेली, आणि अटकेपासूनचं संरक्षण संपल्यावर १८१३ ला देणेकऱ्यांनी आत टाकलंच. १८१६ ला वारला तेव्हा घरात जप्तीवाले बसलेले होते आणि अंत्ययात्रेला ड्यूक लोक हजर.

वाचायचंच असेल तर आधी 'द क्रिटिक' घ्या, १७७९ चं, एका भंगार नाटकाची तालीम दाखवणारं. त्याचा शेवटचा सीन प्रयोग तोंडावर आला तरी लिहून झाला नव्हता, तेव्हा मंडळींनी याला दोन बाटल्या वाइन आणि सँडविच देऊन खोलीत कोंडला आणि सीन पूर्ण झाल्यावरच बाहेर काढला असं सांगतात. ते वाचून मग भाषणांकडे वळा, माणूस लगेच ओळखू येतो.