घरी बांधायच्या कयाकचं माप अंगावरून कसं घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाकडी सांगाड्यावर कापड ताणून कयाक (एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी) बांधायचीय. उंची 5 फूट 10 इंच, वजन 84 किलो. फिरायचं मुख्यतः वाघोटन खाडीत, वारा पडलेला असेल तर विजयदुर्गाच्या बाहेर थोडंसं. कधीतरी मुक्कामाचं सामान न्यायचंय, आणि 55 किलोचा मुलगाही तीच कयाक वल्हवणार. हातात आराखडा आहे 17 फूट लांब, 20 इंच रुंद. तो सगळीकडून 10 टक्के वाढवू का?

नका वाढवू. लांबी, रुंदी, खोली तिन्ही 10 टक्के वाढली की पोटातली जागा 33 टक्के वाढते. मग तुमच्या वजनाला ती पुरेशी पाण्यात बसत नाही, उंच तरंगते, आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की नाळ (पुढचं टोक) सरळ धरून ठेवण्यातच हात भरून येतात. वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तशी कापडी कयाक बांधायची नसते.

सांगाड्यावर कातडं ताणून होड्या बांधणारे ग्रीनलंडचे इनुइट शिकारी माप स्वतःच्या अंगावरून घ्यायचे. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होणाऱ्या अंतराच्या तिप्पट. रुंदी म्हणजे बसल्यावरची कमरेची रुंदी अधिक दोन मुठी. बाजूची खोली एक मूठ आणि वर ताठ केलेला अंगठा. माणसाचा वाव साधारण त्याच्या उंचीइतकाच असतो, म्हणून तुमची लांबी येते साडेसतरा फूट. आराखडा तिथे ठीकच आहे. कमर 38 सेंटीमीटर धरली तर रुंदी 55 च्या आसपास, म्हणजे साडेएकवीस-बावीस इंच. 20 इंचांत तुम्ही मावाल, पण नवशिक्याला ती फार डळमळेल. तेव्हा रुंदी वाढवा, लांबी आहे तशी ठेवा. कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यांतच जास्त फिरणार असाल तर उलट 15 फुटांवर या, वळायला बरी पडते. पडवीत 17 फूट सरळ जागा आहे का, तेही आधी बघा.

खरी गोम खोलीत आहे. लांबी फूटभर चुकली तरी कयाक चालते. खोली दोन सेंटीमीटर कमी पडली तर पाय मुंग्या येऊन बधिर होतात, जास्त झाली तर मांडीला वर टेकायला काही उरत नाही आणि कयाक अंगानं कलवता येत नाही. वरच्या दोन लांब पट्ट्यांना आडव्या दांड्यांची भोकं पडली की मग यात फारसा बदल होत नाही.

म्हणून लाकूड कापण्याआधी अंगणात खोटी कयाक मांडा. भिंतीला पाठ लावून, ज्या चटईवर बसणार तीच खाली घालून, लाइफ जॅकेट चढवून, पाय लांब करून बसा. दोन्ही बाजूंना चिरे रचा, आतलं अंतर तुमच्या मापाचं. मांडीच्या मधोमध त्यांच्यावर आडवी फळी टाका आणि उंची कमीजास्त करायला खाली रद्दीचे गठ्ठे द्या. पाऊण तास तसेच बसा, नुसतं टेकून बघू नका. गुडघे थोडे वर आणले की मांडी फळीला लागावी, सैल सोडले की सुटावी. दोन्ही हात मागे टेकून रेटलं की न अडकता मागे सरकून पाय निघाले पाहिजेत. उलटल्यावर याच हालचालीनं बाहेर यायचंय, त्यामुळे इथे तडजोड नाही. बसल्या जागी गुडघा वर काढता यावा असं वाटत असेल तर तोंड, म्हणजे आत बसायची वरची उघडी जागा, 75 ते 80 सेंटीमीटर लांब ठेवा.

पायांचं माप बूट घालूनच घ्या. आपल्या खाड्यांत कालवांवर अनवाणी उतरायची सोय नाही, आणि बुटातलं पाऊल उभं धरलं तर पुढचं कापड आतून फुगतं. टाचा जवळ, चवडे बाहेरच्या बाजूला पाडलेले, अशी उंची मोजा.

आता वजन. तुम्ही 84, कयाक 16 धरा, सामान 20, एकूण 120 किलो. म्हणजे समुद्राचं सुमारे 117 लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. (पावसाळ्यात खाडी गोडी होते तेव्हा 120. तीन लिटरची काळजी करू नका.) या मापाची कयाक दर 14-15 किलोंना सेंटीमीटरभर बसते. तुमच्यात आणि मुलात 29 किलोंचा फरक, म्हणजे तो एकटा बसला की ती दोन सेंटीमीटर वर तरंगणार आणि त्याच्याखाली जास्त हलणार. पाण्याच्या दोन पिशव्या बुडाशी, अगदी त्याच्या पाठीमागे घट्ट बांधल्या की भागतं. मांडीचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही, त्याला मांडीवरून जाणाऱ्या आडव्या कमानीखाली फोम चिकटवावा लागेल. पण माप तुमचंच घ्या. दोघांच्या मधलं घ्याल तर दोघांनाही गैरसोयीची होईल.

मुक्कामाच्या सामानासाठी कयाक फुगवू नका. तंबू दोन बारक्या पिशव्यांत विभागून पाठीमागे ढकला. आत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे उरलेल्या पोकळीत हवेच्या पिशव्या हव्यातच, नाहीतर उलटल्यावर ती पाण्यानं भरून जड होते.

सांगाड्याच्या वाकवलेल्या बरगड्यांना माणगा (कोकणातला बांबू) वापरणार असाल तर त्या तापवून वाकवताना एखाददुसरी कडकडणारच, चार जास्तीच्या चिरून ठेवा. आणि फळीखालची उंची, बुटासकट पावलांची उंची, बसल्यावरची कमर ही तीन मापं कळवा, मग मांडीवरच्या कमानीचा बाक किती ठेवायचा ते ठरवू. तोवर पट्ट्यांना भोकं पाडू नका.