उत्तर: घरी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाला पुढे चाक की शेपटीला?

गुहागरकडचे आहात आणि हे पहिलंच विमान आहे म्हणता, तर पुढे चाक घ्या. शेपटीच्या चाकाचं विमान दिसतं झकास, वजनही वाचतं. पण त्यात गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाच्या सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, दोन मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरताना नाक जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. आपल्याकडचा समुद्रावरचा आडवा वारा धरला तर नवशिक्याने हा खेळ करू नये. पुढच्या चाकाच्या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून विमान आपोआप सरळ धावतं. पुढच्या चाकावर एकूण वजनाच्या साधारण ८ ते १५ टक्के भार ठेवा. कमी पडला तर जमिनीवर वळवणं अवघड, जास्त झाला तर नाक उचलत नाही.

मात्र जांभ्याच्या सड्यावर उतरायचा बेत असेल तर माझं मत बदलेल. खडबडीत जमिनीवर आधी मोडतो तो पुढच्या चाकाचाच पाय, आणि त्यामागून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो. तिथे शेपटीचं चाक आणि मोठे, कमी हवेचे टायर बरे. आधी शिकवणारा मात्र शोधा.

मुख्य चाकांचे पाय स्प्रिंग स्टीलचे घ्या, देखभाल कमी. ७०७५-टी६ हे विमानांसाठीचं मजबूत मिश्र अॅल्युमिनियम हलकं, पण खाऱ्या हवेत ताणाखाली तडे जातात. स्टीललाही रंग हवाच. खिडकीच्या गजांचं काय होतं ते बघताच आहात. चाकांवरची आवरणं पावसाळ्यात काढून ठेवा, चिखल आत घट्ट बसतो.