पाणबुडीला होडीची मोटर चालेल का?

प्रश्न : मी आणि भाऊ घरीच एकजणाची छोटी पाणबुडी बनवतोय. होडीची 12 व्होल्टची ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी विजेची छोटी मोटर) लावली तर खोल गेल्यावर मोटरच्या आत पाणी शिरेल का? – एक वाचक, बेती

उत्तर : शिरेल, आणि बहुतेक शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमधूनच. ही मोटर पाण्यातच चालते खरी पण हातभर खोलीसाठी बनवलेली, आणि दर 10 मीटरला साधारण 1 बार (आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढं) प्रेशर वाढतं, म्हणजे 10 मीटरवर सीलच्या बाहेर 2 बार आणि आत 1. सील जाडजूड करत बसू नका, मोटरच्या आतला दाब बाहेरच्याएवढा करा. एक तर स्कूबा रेग्युलेटरने (पाणबुड्यांना भोवतालच्या पाण्याच्या दाबाएवढ्या दाबाने हवा देणारा व्हॉल्व्ह) मोटरच्या आत हवा द्यायची, नाहीतर मोटर पातळ मिनरल ऑइलने पूर्ण भरून बाहेर एक रबरी पिशवी जोडायची, पाणी पिशवी दाबतं की तेलाचा दाब आपोआप जुळतो. मेख एवढीच, की तेलात ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) कम्युटेटरवरून, म्हणजे ते ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात त्यावरून, किंचित उचलले जातात, कार्बनची काजळी आतच फिरत राहते आणि मोटर जास्त करंट खाते. ब्रशलेस असेल तर ब्रशची कटकटच नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करताना हॅच (पाणबुडीचं झाकण) उघडं ठेवाच, हायड्रोजन निघतो. पहिली बुडी मोटरला एकटीलाच, नांगरलेल्या होडीवरून दोरीला बांधून द्या. घरच्या विहिरीत मात्र नको हां, तेल गळलं तर आई घरात घेणार नाही!